घरचं कुत्रं अंगावर का येतं?

या कार्यक्रमात गाई-म्हशींचा आजार, बैलाची खांदेसूज, शेळ्यांच्या लशी यांविषयी आपण नेहमी ऐकता. आज मी कुत्र्याविषयी बोलणार आहे. काही मंडळी हसतील. म्हणतील, सोयाबीनला भाव नाही, विहिरीला पाणी नाही, आणि हे कुत्र्याचं काय घेऊन बसले? पण ज्यांच्या आखाड्यावर कुत्रं आहे आणि तेच कुत्रं आता घरच्या माणसावर गुरगुरू लागलं आहे, ते हसणार नाहीत. त्यांच्यासाठीच हे बोलणे आहे.

मी किल्लारी भागात नोकरीला असतानाची गोष्ट सांगतो. एक पन्नाशीचे शेतकरी बैल घेऊन दवाखान्यात आले होते. बैलाच्या खुरात काटा मोडून पू झाला होता. खोड्यात घालून खूर साफ केला, पट्टी बांधली, इंजेक्शन दिले. ते बैल सोडून दारापर्यंत गेले आणि परत फिरले. म्हणाले, "साहेब, इचारू का नको असं व्हायलंय. घरी एक कुत्रं हाय. पाच वर्सांचं. दोन महिन्यांपासनं अंगावर यायलंय. परवा नातीच्या हाताला चावलं. घरची म्हंत्यात, तेरणेच्या पल्याड नेऊन सोडा."

बैलासाठी ते सहा किलोमीटर चालत आले होते. कुत्र्याविषयी विचारायची मात्र त्यांना लाज वाटत होती. हा काही त्यांचा दोष नव्हे. बैल आजारी पडला तर नुकसान होते, म्हणून त्याला डॉक्टर. कुत्रं बिघडलं तर त्याला काठी, नाहीतर पोत्यात घालून दुसऱ्या शिवारात. असाच रिवाज आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

मी कुत्र्याचे काही विचारण्याआधी मुलीचे विचारले. जखम धुतली होती का? तर नाही. आजीने तिखट आणि तेल लावले होते. सुई घेतली होती का? तर, "घरचंच कुत्रं हाय की साहेब." मी त्यांना बैलासह तिथेच थांबवले आणि घरच्या माणसाला निरोप धाडून मुलीला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायला लावले. याविषयी पुढे सविस्तर सांगतो, कारण त्यात चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. किल्लारीची नवी वसाहत आपण पाहिली असेल. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपात जुने गाव गेले. त्यानंतर ही गावे नव्या जागी रुंद रस्ते आणि सुटे-सुटे प्लॉट आखून वसवली. जुन्या गावात दगडी भिंतींचे वाडे एकाला एक लागून होते, बोळातून येणारा-जाणारा सगळा ओळखीचा. कुत्रं उंबऱ्यावर पडलेलं असायचं आणि त्याला माहीत असायचं की कोणावर भुंकायचं. आता घर चारी बाजूंनी उघडं, रस्त्यावरून दिवसभर अनोळखी माणसं आणि मोटारसायकली. कुत्र्याला वाटतं, चारी दिशा आपल्यालाच राखायच्या आहेत. ते दमतं आणि चिडतं. हा माझा अंदाज आहे, पण पुष्कळ घरे पाहून केलेला.

तर ते कुत्रं वसरीत, हातभर साखळीला बांधलेलं होतं. लांबून पाहिलं तर पिसाळल्यासारखं काही दिसेना. पाणी पीत होतं, भाकरी खाल्ली होती, मालकाला ओळखत होतं. मात्र मान एका बाजूला कलती आणि मधूनमधून डोकं झटकत होतं. मालकाकडून तोंडाला सुती पट्टी बांधून घेतली आणि कान उचलून बघितला. आत काळा-पिवळा पू, घाण वास, आणि कानाच्या मुळाशी गोचिडांचा थर. कानाला बोट लागताच ते कळवळून ओरडलं.

मी विचारलं, "नात त्याच्याशी कशी खेळते?" आजी म्हणाली, "कान धरून बसती बघा. लहानपणापासनं तीच सवय."

सगळा उलगडा त्या एका वाक्यात झाला. कुत्रं दोन महिने सांगत होतं की इथं हात लावू नका, दुखतंय. आधी दूर सरकलं असेल. मग दात दाखवले असतील. मग गुरगुरलं. गुरगुरलं म्हणून त्याला मार बसला, म्हणून त्यानं गुरगुरणं सोडलं आणि थेट चावा घेतला. मंडळी, हे नीट लक्षात घ्या. गुरगुरणं ही कुत्र्याची सूचना असते. ती मारून बंद केली तर राग जात नाही, फक्त इशारा जातो. न गुरगुरता चावणारं कुत्रं आपणच तयार करतो.

आता आपण म्हणाल, प्रत्येक कुत्र्याच्या कानात थोडाच पू असतो? नसतो. पण कुत्र्याचा स्वभाव अचानक बदलला, तर पहिला संशय दुखण्याचा घ्यावा, हा नियम फार क्वचित चुकतो. दाढ किडली असेल. पायात काटा असेल. म्हातारपणी कंबर धरली असेल. डोळ्यांत मोतीबिंदू येऊन दिसत नसेल, म्हणून झोपेतून हात लावला की दचकून चावत असेल. जखमेत अळ्या पडल्या असतील आणि दाट केसांमुळे आपल्याला दिसत नसतील. गोचीड-तापाने अंग दुखत असेल. कुत्री पिल्लावळीवर असेल, तर ती आठ-दहा दिवस कोणालाही जवळ येऊ देणार नाही, आणि ते योग्यच आहे. कुत्र्यांच्या माजाच्या दिवसांत गावातले नर आपसांत भांडतात, त्यात मध्ये पडणाऱ्याला चावा बसतो.

शेतकऱ्याच्या घरी आणखी एक कारण असते, ते शहरात सहसा नसते. फवारणीचे औषध. पंप धुतलेले पाणी कुत्रं प्यालं, औषध लावलेलं बियाणं खाल्लं, किंवा उंदरासाठी ठेवलेली गोळी खाल्ली, तर तोंडाला फेस येतो, अंग थरथरते, झटके येतात, कुत्रं सैरभैर पळतं. गावात ओरड होते, "पिसाळलं, पिसाळलं!" आणि लोक दगड घेऊन मागे लागतात. खरे तर ते विषबाधेने तडफडत असते आणि वेळेत दवाखान्यात नेले तर वाचूही शकते. नेताना औषधाची बाटली किंवा पुडकं बरोबर घ्यावे, कारण प्रत्येक विषाला उतारा वेगळा. मात्र फेस आलेल्या तोंडाला उघड्या हाताने स्पर्श करू नये. विषबाधा की रेबीज, हे आपण अंगणात उभे राहून ठरवू शकत नाही.

रेबीजविषयी आता स्पष्टच बोलतो.

पिसाळलेलं कुत्रं म्हणजे लाल डोळ्यांचं, जीभ बाहेर काढून पळत सुटलेलं, हे एकच चित्र आपल्या डोक्यात आहे. तसे असतेही. पण दुसरा प्रकार मुका असतो आणि तो जास्त फसवतो. कुत्रं अंधारात, गोठ्याच्या कोपऱ्यात, बाजेखाली जाऊन बसतं. हाकेला येत नाही. आवाज बदलतो, घोगरा होतो. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घरच्याला वाटतं, घशात हाड अडकलं. तो तोंडात हात घालून हाड शोधतो. हाड नसतेच. लाळेतला विषाणू हाताच्या खरचटीतून आत जातो. गाई-बैलांचेही असेच होते. कुत्रं चावलेली गाय काही आठवड्यांनी हंबरू लागते, लाळ गाळते, चारा गिळत नाही, आणि आपण घशात कणीस अडकले समजून कोपरापर्यंत हात घालतो. लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या कोणत्याही जनावराच्या तोंडात हात घालू नका. डॉक्टरांना बोलवा.

आणखी एक समज. पाण्याला घाबरलं तरच पिसाळलं, असे म्हणतात. ते माणसाचे लक्षण आहे. रेबीज झालेलं कुत्रं पाण्याला घाबरतंच असे नाही, कधी ओढाही पार करून जाते. तेव्हा पाणी पिताना पाहिलं म्हणून निश्चिंत राहू नका. स्वभाव उलटा होणे हीच मोठी खूण. मायाळू कुत्रं लपू लागलं, किंवा कधी जवळ न येणारं एकाएकी अंगाशी घोटाळू लागलं, माती-लाकूड चावू लागलं, तर लांब राहा, शक्य असेल तर दार लावून कोंडा आणि कळवा.

चावा बसला, ओरखडा निघाला किंवा जखमेवर लाळ लागली, तर साबण आणि वाहते पाणी घेऊन पंधरा मिनिटे जखम धुवायची. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तंबाखू, बिब्बा, काही लावायचे नाही. जखम घट्ट बांधायची नाही. मग सरकारी दवाखान्यात जायचे. कुत्रं घरचं आहे, लस दिलेलं आहे, तरी जायचे. काय द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. पूर्वी बेंबीभोवती चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, त्या धास्तीने लोक देवऋषाकडे जात. ती जुनी लस बनवणे देशात 2004 मध्ये बंद झाले. आता दंडात चार किंवा पाच वेळा घ्यावी लागते, ठरलेल्या तारखांना. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर जखमेतच द्यायचे वेगळे औषधही असते, त्याविषयी आपणहून विचारा. दोन सुया घेऊन बरे वाटले म्हणून तिसरी चुकवू नका. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, असे म्हणण्याइतकी ती दुर्मीळ गोष्ट आहे.

आणि चावलेल्या कुत्र्याला लगेच मारू नका. दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा. दहा दिवसांत ते ठीक राहिले, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असे डॉक्टर सांगू शकतात. मारून टाकले किंवा नदीपल्याड सोडले, तर ही माहितीच हातची जाते. माणसाची लस मात्र या दहा दिवसांसाठी थांबवायची नाही, ती त्याच दिवशी सुरू करायची.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी असेच एक गृहस्थ आले. त्यांचे कुत्रे अंगावर येई. दवाखान्यात त्या दिवशी लसीकरणाची गर्दी होती. मी मान वर न करता म्हणालो, "सोडून द्या कुठंतरी." त्यांनी सोडले. पंधरा-वीस दिवसांनी शेजारच्या गावात त्याच कुत्र्याने एका मेंढक्याला आणि दोन लेकरांना चावल्याचे कळले. कुत्रे पुढे सापडलेच नाही. तिघांना सगळी इंजेक्शने घ्यावी लागली आणि ती वेळेत मिळाली, एवढेच समाधान. त्या कुत्र्याला काय दुखत होते हे मी पाहिलेही नव्हते. तेव्हापासून, कोणी कुत्र्याचे बोलले की मी हातातले काम ठेवून ऐकतो.

आता ज्यात आजार नाही, दुखणे नाही, अशा कुत्र्यांकडे वळू.

आपल्या लातूर-नांदेड भागात कारवानी कुत्र्यांची हौस मोठी. चाकूर तालुक्यातल्या जानवळचे कारवानी प्रसिद्ध आहेत. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात घोडे, गाढवे, उंट यांच्याबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते. तिथून किती जण पिल्लू काखेत घेऊन परततात! उंच पाय, आवळलेले पोट, लांब निमुळते तोंड. पाहणाराची नजर ठरत नाही. पण हे कुत्रे नजरेने शिकार हेरून वाऱ्यासारखे धावण्यासाठी पिढ्यान् पिढ्या निपजवलेले आहे. त्याला प्लॉटच्या कोपऱ्यात तीन फूट साखळीला बांधून ठेवले आणि वर्षाने ते सुटून मोटारसायकलच्या मागे धावले, कोंबड्या फाडल्या, शेजाऱ्याच्या शेळीवर गेले, तर ते बिघडले असे म्हणता येत नाही. त्याच्या रक्तात आहे तेच त्याने केले. शिवाय ही जात परक्या हाताला फटकून असते. पाहुण्यांनी लाडाने डोक्यावर थापट्या मारलेल्या तिला खपत नाहीत. मालकाने पाहुण्यांनाच आवरावे.

ससा धरायला कुत्रे सोडण्याची जुनी सवय काही ठिकाणी आहे. ती सोडा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. धावणे हवे तर पहाटे, रहदारी सुरू होण्याआधी, लांब दोरीला धरून शेताच्या बांधाने फिरवा. संध्याकाळी पुन्हा. दमलेल्या कुत्र्याचे निम्मे खोडसाळपण आपोआप जाते. कारवानी शिकत नाही असे म्हणणारेही भेटतात. त्याच कुळीतली मुधोळची पिल्ले लष्कराने 2016 मध्ये मेरठच्या केंद्रात शिकवायला नेली होती. शिकवणारा हवा.

पिल्लू निवडतानाच पुष्कळ काही ठरून जाते. आपण यात्रेतून डोळे नुकते उघडलेले पिल्लू आणतो, "लहान आणलं की लळा लागतो" म्हणून. आठ आठवडे ते आईपाशी आणि भावंडांत राहिले पाहिजे. चावा किती जोरात घ्यायचा नाही, हे ते तिथे शिकते. एकाने जोरात चावले की दुसरे केकाटते आणि खेळ थांबतो. ही शाळा चुकलेले पिल्लू पुढे तोंडाला आवर घालू शकत नाही. त्यानंतरचे महिना-दीड महिना त्याला माणसे, लेकरे, बैल, ट्रॅक्टर, भांड्यांचा आवाज, सगळे हळूहळू दाखवावे. या वयात जे पाहिले नाही त्याची भीती जन्मभर राहते, आणि भ्यालेले कुत्रेच जास्त चावते. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसा दरवर्षी पुढचा डोस. जंताचे औषधही.

खाण्याचेही तसेच. नुसत्या शिळ्या भाकरीवर राखणदार पोसायचा आणि मग तो ताटलीवर गुरगुरतो म्हणून मारायचे, हे काही बरे नाही. भुकेले कुत्रे घास राखते. संत नामदेवांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. कुत्र्याने भाकरी पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. नामदेव आपल्याच मराठवाड्यातले, नरसीचे. आपण तूप देऊ नये, पण वरण, अंडे, थोडे दूध, वेळेवर आणि पोटभर द्यावे. आणि लेकरांना बजावावे की कुत्रे खात असताना, झोपले असताना, पिल्लांपाशी असताना जवळ जायचे नाही. पाच-सात वर्षांच्या मुलाला आणि कुत्र्याला एकटे सोडून रानात जाऊ नये, कुत्रे कितीही गरीब असो.

आवाजाला भिणाऱ्या कुत्र्यांविषयी या भागात वेगळे सांगितले पाहिजे. वळवाचा गडगडाट, दिवाळीचे फटाके, लग्नातला डीजे, याने काही कुत्री थरथरतात, दार ओरबाडतात, साखळी तोडून पळतात. आपल्याकडे जमिनीतून येणाऱ्या आवाजांचीही भर असते. 2022 च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीला सौम्य धक्के बसले, तेव्हा लोक पुन्हा घराबाहेर झोपले. रात्री कुत्री एकदम भुंकली की किल्लारी-सास्तूर भागातले वडीलधारे आजही उठून बसतात. त्यांना दोष कोण देईल? पण कुत्री कोल्ह्याला भुंकतात, चोराला भुंकतात, दुसऱ्या कुत्र्याला भुंकतात. त्यावरून भूकंप ओळखता येतो असा भरवसा शास्त्राने दिलेला नाही. भेदरलेल्या कुत्र्याला मात्र मारू नका. घरातला आतला, अंधारा कोपरा त्याला मोकळा करून द्या. दरवर्षी दिवाळीत तसे होत असेल, तर पंधरा दिवस आधी डॉक्टरांना भेटा. भीती कमी करणारी औषधे असतात. ती डॉक्टरांनी वजन पाहून द्यायची. घरातल्या आजीची झोपेची गोळी निम्मी करून देऊ नका. दुखण्यावरच्या माणसांच्या गोळ्याही नकोत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंड जाते.

आता दवाखान्यात जायचे कसे?

कुत्र्याला गर्दीच्या वेळी, म्हशींच्या रांगेत उभे करू नका. आधी जाऊन किंवा फोन करून वेळ विचारा. चावरे असेल तर बैलाला जसे मुसके घालतो तसे मुसके कुत्र्यालाही मिळते. ते नसेल तर सुती कापडाची लांब पट्टी तोंडाभोवती एक फेरा, हनुवटीखाली अढी, आणि कानामागे गाठ. उन्हात, धाप लागलेली असताना, उलटी होत असताना पट्टी बांधू नये. झटके येत असतील तर तोंडाजवळ हातच नेऊ नये. कुत्रे आणणे शक्यच नसेल तर 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करा.

डॉक्टरांना नुसते "लई चिडकं झालंय" एवढे सांगून भागत नाही. चार ओळी कागदावर लिहून न्या. कधीपासून, दिवसात केव्हा, कोणावर, त्याच्या आधी काय घडले होते, त्यानंतर तुम्ही काय केले. खाणे, पाणी, शी-शू कशी आहे. लस केव्हा दिली. घरात नवीन काय झाले, सून आली, बाळ झाले, सालगडी बदलला, जुने कुत्रे मेले? हे प्रश्न फालतू वाटतील, पण उत्तर बहुधा तिथेच असते. आता जवळपास प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. कुत्रे विचित्र वागते तेव्हा लांबून दोन मिनिटांचे चित्रीकरण करून ठेवा. दवाखान्यात आले की कुत्रे घाबरून अगदी गरीब होते आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. मात्र चित्रीकरणासाठी त्याला मुद्दाम डिवचू नका.

तालुक्याला निदान झाले नाही तर लातूरच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात, किंवा उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात चिठ्ठी घेऊन जा. हे महाविद्यालय 1987 पासून आपल्याच जिल्ह्यात आहे. परभणीचे तर त्याही आधीचे. तिथे रक्त तपासणी, क्ष-किरण, शस्त्रक्रिया यांची सोय असते.

शहरात कुत्र्याला वळण लावणारे प्रशिक्षकही झाले आहेत. काही चांगले आहेत. पण डॉक्टरला जशी नोंदणी लागते तशी त्यांना लागत नाही, म्हणून आपणच पारखून घ्यावे. जो आधी डॉक्टरांना दाखवून या म्हणतो, तुमच्यासमोर शिकवतो, तुमच्याकडूनही करून घेतो, त्याला ठेवा. जो कुत्रे महिनाभर घेऊन जातो आणि "कसं केलं ते विचारू नका" म्हणतो, काट्यांचा पट्टा किंवा विजेचा झटका वापरतो, त्याच्या दारातून परत या.

खच्चीकरणाने कुत्रे गरीब होते का, हा प्रश्न हमखास येतो. भटकणे, माद्यांमागे जाणे, नरांची भांडणे, यात फरक पडतो. भीतीने चावणाऱ्यात पडेलच असे नाही. आणि ते भूल देऊन, शस्त्रक्रिया करूनच होते. गोऱ्ह्यासाठी वापरतात तो चिमटा घेऊन कोणी आला तर त्याला वाटेला लावा.

आपल्या त्या कुत्र्याचे काय झाले, हे राहिलेच. कान धुऊन, औषध घालून बरा व्हायला तीन आठवडे लागले. गोचिडांसाठी अंगाला आणि गोठ्यालाही औषध मारले. साखळी काढून लांब दोरी केली आणि दोन घरांमधल्या तारेला कडी अडकवून ती फिरती ठेवली. मग शिकवणे. आजोबा कानाच्या दिशेने नुसता हात नेत आणि दुसऱ्या हाताने अंड्याचा तुकडा देत. कानाला हात लागतच नसे. आठवड्याने पाठीला हात, तुकडा. मग मानेला. घाई केली त्या दिवशी ते पुन्हा गुरगुरले. आजोबांनी मारले नाही, हात मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या मागून सुरू केले. अडीच महिन्यांनी कान साफ करू देऊ लागले. त्या दहा दिवसांत कुत्रे ठीक राहिले होते. मुलीचीही सगळी इंजेक्शने तारखेवर झाली.

मुलीला पुन्हा त्याच्या अंगाशी खेळू द्यायचे का, असे आजीने विचारले. मी नाही म्हणालो. एकदा चावलेले कुत्रे पुन्हा चावणार नाही अशी हमी कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही, आणि देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मुलीने भाकरी टाकावी, ती तारेच्या टोकाबाहेर उभी राहून, आजोबा जवळ असताना. ती रुसली. पण नंतर मी दोन-तीनदा त्या रस्त्याने गेलो, तेव्हा ती तशीच, आखून दिलेल्या दगडाच्या अलीकडे उभी राहून त्याला तुकडे टाकताना दिसली.

आपल्या घरच्या कुत्र्याविषयी काही विचारायचे असेल तर पोस्टकार्डावर कुत्र्याचे वय, लस दिल्याची तारीख आणि वर सांगितलेल्या चार ओळी लिहून कार्यक्रमाच्या पत्त्यावर पाठवा. चावा बसला असेल तर मात्र पत्र लिहीत बसू नका, आधी साबण आणि पाणी घ्या.